इंदूरची हवा, केस, त्वचा आणि साडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्लरच्या खुर्चीत बसल्या-बसल्या मला जे प्रश्न विचारले जातात, त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मोबाईलवर दिसणारा मराठीतला बहुतेक सल्ला मुंबई-पुण्याच्या हवेसाठी असतो. आपण राहतो माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर. इथे वर्षातले सात-आठ महिने हवा कोरडी, मध्ये तीन-साडेतीन महिने पाऊस. त्यामुळे तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा उचलला की बिनसतं.

मुंबईची मावसबहीण जे ऑइल-फ्री जेल लावते, त्याने माझा चेहरा ओढल्यासारखा का होतो?

कारण तिच्या हवेतच ओलावा आहे. जेलमधलं ग्लिसरिन वगैरे पाणी धरून ठेवतं, पण वरून झाकण लागतं, नाहीतर कोरड्या हवेत तो ओलावा उडून जातो. मुंबईत झाकण नसलं तरी निभतं. इंदुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी कूलरसमोर ओला टॉवेल टाकला तर बघता बघता वाळतो, मग गालांचं काय होणार? जेल लावायचंच असेल तर त्यावर साध्या क्रीमचा पातळ थर द्या. जुलै ते सप्टेंबर मात्र नुसतं जेल पुरतं. म्हणजे बाटली तीच, महिने वेगळे.

स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधते. तरी सनस्क्रीन हवंच का?

हवंच. आपल्याकडच्या मुली पलासियापासून भंवरकुआंपर्यंत ज्या पद्धतीने स्कार्फ बांधतात, त्याने लू आणि धूळ अडते यात शंका नाही. पण पातळ, पांढऱ्या सुती कापडातून ऊन बरंच आत येतं. कापड घट्ट विणीचं आणि गडद रंगाचं असेल तर जास्त अडतं. एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन घ्या, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांब रेघ ओढून जेवढं येतं तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लावा. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. उन्हातच फिरायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणि हाताची बोटं विसरू नका, हँडलवर तीच सगळ्यात जास्त भाजतात.

स्कार्फ रोज धुवायचा. हनुवटीवर आणि गालांवर फोड येतात म्हणून महागडी फेसवॉश विकत घेणाऱ्या कितीतरी जणी आठवडाभर एकच स्कार्फ बांधत असतात.

हेल्मेटमुळे केस गळतात का?

हेल्मेटमुळे मुळापासून गळत नाहीत, पण तुटतात, विशेषतः कपाळाजवळचे. ओले केस ताणून बांधून त्यावर हेल्मेट घातलं की हमखास. ओला केस ताण सहन करत नाही. केस वाळवून, मानेजवळ सैल वेणी घालून, आत सुती रुमाल बांधा. ऑफिसात पोचल्यावर बोटांनी मुळं उचला, भांग नेहमीच्या विरुद्ध बाजूला पाडा. चपटेपणा दोन मिनिटांत जातो.

घर बदललं आणि केस झाडूसारखे झाले. शॅम्पू बदलू का?

आधी पाणी विचारा. नळाला नर्मदेचं पाणी येतं की बोअरिंगचं? मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंप करून वर चढवलेलं नर्मदेचं पाणी आणि कॉलनीतल्या बोअरिंगचं पाणी यांत केसांच्या दृष्टीने बराच फरक पडतो. बोअरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. ते केसांवर थर धरतं, मग शॅम्पूला फेस येत नाही आणि केस हाताला खरखरीत लागतात. बादलीच्या कडेवर आणि नळाच्या तोंडाशी पांढरे डाग असतील तर उत्तर मिळालं.

उपाय स्वस्तातला: आठ-पंधरा दिवसांतून एकदा ज्याच्या डबीवर ‘ईडीटीए’ लिहिलंय असा क्लॅरिफाइंग शॅम्पू, आणि शेवटचा मग आरओच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचा. उकळल्याने काही प्रमाणात क्षार तळाशी बसतात, ते तळाचं पाणी केसांवर ओतू नका. मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगरही चालतं, पण टाळूला जखम असेल तर नाही.

धुण्याआधी तासभर खोबरेल तेल लावायची आजीची पद्धत इथे खरंच कामाची आहे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. डिसेंबरात बाटली थिजते तेव्हा गॅसवर धरू नका, गरम पाण्याच्या वाटीत ठेवा.

रंगपंचमीच्या गेरला (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला) जायचंय. आदल्या आठवड्यापासून काय करू?

हा प्रश्न फक्त इंदूरकरच विचारतात. देशात बहुतेक ठिकाणी लोक धुळवडीला रंग खेळून मोकळे होतात. आपली खरी होळी पाच दिवसांनी, राजवाड्यासमोर. तिथे टँकरमधून पाण्याचे फवारे आणि मशीनने इमारतींच्या गच्च्यांपर्यंत उडवलेला गुलाल असतो, तेव्हा थोडासा रंग लागेल अशी आशा ठेवू नका. तयारी पूर्ण भिजण्याची करा.

आधी काय करायचं नाही ते: गेरच्या चार-पाच दिवस आधी थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल काही नाही. त्वचा सोललेली असते आणि रंग आत जाऊन झोंबतो. होळी ते रंगपंचमी या दिवसांत पार्लरवाल्या बाईने आग्रह केला तरी नाही म्हणा. मी स्वतः त्या आठवड्यात वॅक्सिंगला आलेल्यांना परत पाठवते, धंदा बुडाला तरी.

सकाळी निघताना टाळूला आणि केसांच्या टोकांना खोबरेल चोपडा, घट्ट नसलेली वेणी घाला, वेणीचा शेंडा आत दुमडून रबर लावा, वर जुना सुती रुमाल. चेहरा, कानामागची जागा, मान, नखांची मुळं यांवर आधी सनस्क्रीन आणि वाळल्यावर तेलाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा हात. नखांना गडद नेलपॉलिश लावली की नखं आठवडाभर जांभळी दिसत नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, घालायचाच तर जुना चष्मा. कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, गडद. पांढरा कुर्ता सिनेमात शोभतो. पाण्याच्या फवाऱ्यात तो अंगाला चिकटून पारदर्शक होतो, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

घरी आल्यावरचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी नाही. गॅलरीत उभं राहून सुका गुलाल झटका, मोठ्या दातांच्या कंगव्याने केसांतला खाली पाडा. मग साधं पाणी, नुसतं पाणी, खाली उतरणारं पाणी फिकं होईपर्यंत. मग शॅम्पू. गरम पाण्याने रंग आणखी बसतो. चेहऱ्यावर तेल चोळून कापसाने पुसा, मग बेसन आणि दही हलक्या हाताने. जे उरेल ते उरू द्या, दोन-तीन दिवसांत त्वचेबरोबर जातं. रॉकेल, पेट्रोल, कपड्यांचा साबण, घासणी यातलं काहीही अंगाला लावायचं नाही. चंदेरी-सोनेरी रंग लागलाच तर तेलानेच काढा. डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, आणि जळजळ राहिली तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

पावसाळ्यात कोंडा वाढतो. सासूबाई म्हणतात तेल कमी पडतंय.

सासूबाईंना दुखवायचं नाही, पण कोंडा म्हणजे कोरडेपणा नव्हे. टाळूवर राहणारी एक बुरशी तेलावरच जगते, दमट हवेत ती वाढते. रात्रभर तेल मुरवलं की तिची चंगळ. जुलै-ऑगस्टमध्ये तेल धुण्याआधी अर्धा तास आणि फक्त लांबीला, टाळूला नाही. केटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. लावला आणि लगेच धुतला तर पैसे पाण्यात. महिनाभरात फरक नसेल किंवा कानामागे, भुवयांत लाल चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञ.

सियागंजातून शिकेकाई-रिठा-आवळा आणून घरी कुटणाऱ्या काकूंसाठी: जरूर वापरा, पण वस्त्रगाळ करून. जाडसर भुकटी टाळूला ओरखडते, आणि रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की पुढचा अर्धा तास गेला.

मंगळागौरीला खोपा घालते, पहिल्या फुगडीतच सुटतो.

केस त्याच दिवशी धुतले असतील. ताजे धुतलेले केस निसरडे असतात. आदल्या दिवशी धुवा.

आता पद्धत. मधला भांग, मानेच्या वर दोन बोटं उंचीवर पोनी, रबर नायलॉनचा नाही तर कापडाचा. केस कमी असतील तर गंगावन याच रबरात अडकवायचं, वरून टोचायचं नाही. खोप्याची गुंडाळी झाली की जाळी चढवा. खरी गोम केसांच्या आकड्यांत, म्हणजे पिनांत आहे. यू-पिन सरळ आत खुपसली तर ती सुटणारच. आधी पिन बाहेरच्या दिशेला तोंड करून खोप्याच्या कडेची एक पातळ बट पकडायची, मग पिन उलटी फिरवून डोक्यालगत खोप्याच्या मध्याकडे सरकवायची. हाताला थोडा विरोध जाणवला म्हणजे बसली. बारीक आकडा लावताना त्याची नागमोडी बाजू डोक्याकडे, गुळगुळीत बाजू वर. बऱ्याच जणी उलटा लावतात. आणि जिथे एकाने भागत नाही तिथे दोन आकडे फुलीसारखे एकमेकांवरून.

अशा सहा यू-पिना वीस आकड्यांच्या बरोबरीच्या. झिम्मा, फुगडी, पिंगा सगळं खेळा. गजरा शेवटी, दोऱ्याची दोन्ही टोकं खोप्याखाली बांधून. पिनांवर टांगलेला गजरा पहिला पडतो.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) बघायला रात्रभर उभं राहायचं असतं. काय घालू?

कापड मिल बंद पडून वर्षं झाली तरी हुकुमचंद, मालवा, राजकुमार मिलच्या झांक्या निघतात आणि गर्दी पहाटेपर्यंत हलत नाही. तिथे साडीचा हट्ट नको. घोट्याच्या वर येणारी सुती सलवार, मागे पट्टा असलेली चप्पल, केसांची वेणी, आणि पावसाची सर येतेच म्हणून काजळाऐवजी वॉटरप्रूफ पेन्सिल. बस.

थंडीत पायाच्या नळ्यांवर खवले दिसतात.

आंघोळीचं पाणी फार कढत असतं. कोमट घ्या, साबण काख-जांघ-पायांपुरता, आणि अंग टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत क्रीम किंवा तेल. पूर्ण वाळल्यावर लावलेलं अर्धं वाया जातं. मुलतानी माती दिवाळीनंतर डब्यात बंद, थेट मार्चमध्ये उघडायची. टाचांना रात्री पेट्रोलियम जेली आणि जुने मोजे.

चेहऱ्यावर लिंबू चोळू का?

नाही. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग उठतात आणि ते महिनोन्महिने राहतात. खायचा सोडाही नाही.

लग्न, मुंज यासाठी मेंदी काळीभोर हवी. ‘काळी मेंदी’चा कोन घेऊ?

अजिबात नको. खरी मेंदी लाल-तपकिरी रंगते, काळी नाही. धुतल्यावर ती आधी केशरी दिसते आणि २४ ते ४८ तासांत गडद होते, म्हणून कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी लावायची. दहा मिनिटांत काळं करणाऱ्या कोनात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात, व्रण राहतात, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे आयुष्यभर हेअर डायसुद्धा सोसत नाही. केसांना डाय लावणाऱ्यांनीही दर वेळी कानामागे थेंब लावून ४८ तास थांबावं.

पहिली महेश्वरी घ्यायची आहे. खरी कशी ओळखू?

या प्रश्नासाठी मी खुर्ची ओढून बसते. महेश्वर आपल्यापासून नव्वदेक किलोमीटर. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली, त्याआधी ती तिथे होती. अहिल्याबाईंनी विणकर वसवले तेही तिथेच. तेव्हा ही साडी आपल्या घरचीच, आणि तरी आपल्याच बाजारात यंत्रमागावरची नक्कल सर्रास ‘महेश्वरी’ म्हणून विकली जाते.

दुकानात साडी पूर्ण उघडायला लावा. काठ उलटून बघा: पारंपरिक महेश्वरीचा ‘बुगडी’ काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, साडी उलटीही नेसता येते. काठावरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून आलेली, म्हणजे चटई, वीट, हिरा, लहरी. पदरावर आडवे पाच पट्टे, तीन रंगीत, दोन पांढरे. अर्थात आता पदर बदलले आहेत, एवढ्यावरून नक्कल ठरवू नका. मग कापड उजेडासमोर धरा. हातमागावर विणताना कापड ताणून धरायला दोन्ही कडांना टोचणी लावतात, त्याची बारीक भोकं किनारीला ठरावीक अंतराने दिसतात. विणीत कुठेतरी धागा जरा जाड-बारीक असतो. सगळं अगदी एकसारखं असेल तर शंका घ्या.

धाग्याची परीक्षा हवी असेल तर पदराच्या दशीतला एक धागा मागा आणि जाळा. रेशीम केस जळल्यासारखं वासतं आणि राख चुरा होते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. दुकानदार धागा द्यायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात. हँडलूम मार्कचं लेबल असेल तर उत्तमच.

रंग विचारताना जुनी नावं वापरून बघा: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, तपकिरी, आमरक (सोनेरी). जुन्या दुकानांत ही नावं अजून चालतात, आणि गिऱ्हाईक जाणतं आहे हे समोरच्याला कळतं. भावावर त्याचा परिणाम होतो.

आणि चंदेरी? ती अशोकनगर जिल्ह्यातली, महेश्वरीपेक्षा पारदर्शक, अंगभर बुट्ट्यांची. लग्नात सुरेख दिसते, पण सांभाळून. रोज बसमधून नोकरीला जाणाऱ्या मुलीने आधी महेश्वरी घ्यावी, असं माझं मत.

बजेट कमी आहे. साडी नाही परवडत, पण हातमागाचं काहीतरी हवं.

दुपट्टा घ्या. एक महेश्वरी दुपट्टा तीन-चार साध्या सुती कुर्त्यांवर जातो. कुर्त्यांचं कापड एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये, म्हणजे आपल्या कपडा मार्केटात, कटपीसमध्ये बघा आणि शिंप्याकडून शिवून घ्या. तयार कुर्त्यापेक्षा फिटिंग चांगलं आणि आत दाब ठेवता येतो. सीतलामाता बाजारात लग्नसराईचे लेहेंगे-साड्या आहेत, पण तिथे मनात रंग पक्का करून जा, नाहीतर पंधरा साड्या उलगडल्यावर उठायची लाज वाटते आणि नको ती घेतली जाते. रविवारी संध्याकाळी राजवाड्याकडे जाऊच नका. मधल्या वारी, अकरा-बाराला दुकानदारही निवांत असतो.

किमतीत फॉल-पिको, अस्तर, ब्लाऊजची शिलाई धरली आहे का ते बघा. स्वस्त साडी तिथेच महाग होते. तीन ब्लाऊज शिवा: काळा, मोतिया आणि एखादा महेश्वरी काठाचा. त्यांवर निम्मं कपाट निघतं.

बाग प्रिंटचा कुर्ता पहिल्याच धुण्यात रंग सोडतो. फसवणूक झाली का?

लगेच तसं समजू नका. धार जिल्ह्यातल्या बागच्या ठशांत काळा लोखंडापासून आणि लाल तुरटीच्या साहाय्याने येतो, कापड धावड्याच्या फुलांबरोबर उकळतात. वर राहिलेला जादा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा निघतो. गार पाणी, वेगळं धुणं, सौम्य साबण, उलटा करून सावलीत वाळवणं. मिठाच्या पाण्यात भिजवण्याने तयार कापडाचा रंग पक्का होत नाही. पाचव्या धुण्यातही पाणी लाल येत असेल तर मात्र तो बागचा नसावा.

संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. काही काळजी?

जानेवारीतल्या आपल्या कोरड्या हवेत हलवा मुंबईपेक्षा बरा टिकतो. फक्त मानेला आणि हाताला क्रीम लावून लगेच दागिने घालू नका, साखर विरघळून चिकटते. काळी साडी उजेडात धूळ दाखवते. हळदीकुंकवाला निघताना पर्समध्ये छोटा ब्रश ठेवा. आणि हळदीचं बोट पुसायला स्वतःचा रुमाल, पदर नव्हे.

खोट्या नथीने नाक लाल होतं.

निकेलची ॲलर्जी. टोचणाऱ्या भागाला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन थर दिले तर संध्याकाळ निभते. नेहमी वापरायची असेल तर चांदीच्या तारेत मोती गुंफून घ्या, सराफ्यात करून देतात. न टोचलेल्या नाकासाठी दाबाची नथ मिळते, ती अर्ध्या तासाने एकदा सैल करा.

आईची तीस वर्षांपूर्वीची जरीची साडी आहे. कापून ड्रेस शिवू का?

आधी घडीवर बघा. घडीच्या रेषेवर कापड हलकेच ओढल्यावर चिरत असेल तर ती साडी म्हणून नेसता येणार नाही, मग ड्रेस, ओढणी काहीही करा. काठ शाबूत असतील तर ते काढून नव्या सुती साडीला लावून घ्या. चिरत नसेल तर कात्री दूर ठेवा. धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, सेंट फवारायचा तर साडी नेसण्याआधी अंगावर. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. आणि पहिल्यांदा नेसण्याआधी आईला विचारा, परकर कोणत्या रंगाचा लावायची. जुन्या रेशमाखाली चुकीच्या रंगाचा परकर लगेच दिसतो.